संत्र्यावरच्या किडींचे क्लोज-अप: एक्स्टेन्शन ट्यूब, रेनॉक्स की जुनी १०० एमएम मॅक्रो?

नवती_काटोल

नमस्कार मंडळी. काटोल भागातल्या संत्राबागांतल्या किडी आणि मित्रकीटकांचे फोटो काढायचे आहेत. प्रदर्शनाला पाठवायचे नाहीत. शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकल्यावर "हा सायला, हा ढालकिडा, याच्यावर फवारू नका" हे बघताक्षणी कळलं पाहिजे, एवढंच.

यादी अशी: नवतीवर (कोवळ्या नव्या पालवीवर) बसणारा सायला (रस शोषणारी बारीक कीड) आणि त्याची अंडी, लाइम बटरफ्लायची अंडी आणि लहान अळ्या, ढालकिडे (लेडीबर्ड), क्रायसोपा (जाळीदार पंखांचा मित्रकीटक), उडी मारणारे कोळी. सगळं जिवंत आणि झाडावरच, अंडी तेवढी घरी आणता येतील.

हाताशी कॅनन २००डी मार्क टू आहे. लेन्स तीन: १८-५५ एसटीएम, ५५-२५० एसटीएम आणि ५० एमएम एफ/१.८ एसटीएम. बजेट ३०,०००, त्याच्यावर एक रुपया नाही.

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानात एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये लावायची पोकळ नळी) आणि एलईडी रिंग लाइट घ्या म्हणाले. इथल्या जुन्या धाग्यांवर कोणी रेनॉक्स (लेन्सच्या तोंडावर क्लिपने बसणारं क्लोज-अप भिंग) म्हणतं, कोणी सेकंडहँड १०० एमएम मॅक्रो. यातलं काय घेऊ, आणि कशाच्या आधी काय?

---

भिंगवाला

ताई, आधी किडा किती मोठा हवा ते ठरवा, मग लेन्सचं बोलू. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ × १४.९ मिमी. एकास एक मॅग्निफिकेशन म्हणजे फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत २२.३ मिमीची वस्तू मावते. सायला ३ मिमीचा, म्हणजे एकास एकला तो फ्रेमच्या रुंदीचा सातवा हिस्सा घेईल. दुप्पट केलं की साधारण पाव फ्रेम. २४ मेगापिक्सेलमध्ये ते दीड हजाराच्या वर पिक्सेल होतात. तेवढ्यात पंखांवरचे तपकिरी पट्टे स्वच्छ दिसतात. म्हणजे तुमचं बहुतेक काम १x ते २x मध्ये आहे. अंड्यांचा हिशेब वेगळा.

आता ट्यूब. ट्यूबने मिळणारी वाढ म्हणजे ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंथ. ३६ मिमीची ट्यूब ५० एमएमवर लावली तर ०.७२ मिळतं, लेन्सचं स्वतःचं ०.२१ धरून ०.९ च्या पुढे. १२, २० आणि ३६ असा ६८ मिमीचा पूर्ण सेट लावला तर दीडपट. पण तेव्हा लेन्सच्या तोंडापासून किडा जेमतेम ५-६ सेंमीवर येतो. लेन्सची सावली पानावर पडते आणि सायला उडी मारून पसार. तीच ३६ ची ट्यूब २५० एमएमवर लावली तर मिळतं फक्त ०.१४. म्हणजे तुमच्या लांब लेन्सवर ट्यूब वाया जाते.

क्लोज-अप लेन्सचं गणित नेमकं उलटं आहे. रेनॉक्स डीसीआर-२५० ही ८ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप), तिची फोकल लेंथ १२५ मिमी. मागची लेन्स अनंतावर फोकस असेल तर मॅग्निफिकेशन म्हणजे मागच्या लेन्सची फोकल लेंथ भागिले १२५. तुमच्या ५५-२५० वर:

१२५ एमएमला एकास एक
२०० एमएमला १.६x
२५० एमएमला २x

यातली सगळ्यात कामाची गोष्ट ही की झूम केलं तरी किड्यापासूनचं अंतर जवळपास तेवढंच राहतं, साधारण ११-१२ सेंमी. ढालकिड्यावरून सायल्यावर यायला पुढे सरकावं लागत नाही, नुसतं झूम फिरवायचं. ५५-२५० चा फिल्टर थ्रेड ५८ मिमी आहे आणि रेनॉक्सची क्लिप ५२ ते ६७ मिमीला बसते, वेगळी रिंग नको. झूम खाली आणलं की कोपरे काळे पडतात, ते या भिंगाचं ठरलेलंच आहे. तिथे झूम थोडं वाढवा नाहीतर क्रॉप करा.

डीसीआर-१५० सौम्य आहे, ४.८ डायॉप्टरची. २५० एमएमला १.२x देते आणि अंतर २० सेंमीच्या आसपास. फुलपाखरांना ती बरी, पण तुमच्या यादीला २५० च.

वापरताना लांबच्या झाडावर ऑटोफोकस करून लेन्स एमएफवर (मॅन्युअल फोकसवर) टाका आणि फोकस रिंगला हात लावू नका. फोकस पुढे-मागे झुकून करायचा. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात डहाळी धरा आणि त्याच मुठीवर लेन्सचं तोंड टेकवा. वारा आला तर डहाळी आणि कॅमेरा सोबतच हलतात, म्हणून फोकस जात नाही. संत्र्याला काटे असतात, धरायच्या आधी पाहून घ्या. जिवंत किड्यासाठी ट्रायपॉडच्या भानगडीत पडू नका, तो लावेपर्यंत किडा पानाच्या मागे गेलेला असतो.

रिंग लाइट घेऊ नका. का ते आठपाय सांगतीलच.

---

आठपाय

सांगतो. माझं म्हणणं तर असं की बजेटातला मोठा वाटा उजेडावर टाका, काचेवर नंतर. भारी लेन्स आणि वाईट उजेड असला की फोटो वाईटच येतो.

२x ला डेप्थ ऑफ फील्ड (फोटोत शार्प येणारी जाडी) किती उरते ते पाहा. २५० एमएमवर रेनॉक्स, एफ/१६: जेमतेम ०.१६ मिमी. एफ/८ ला त्याच्या निम्मी. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ट्यूब किंवा मॅक्रो लेन्सवर एकास एकला उजेड दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) कमी होतो, कॅननच्या स्क्रीनवर एफ/८ दिसत असलं तरी काम एफ/१६ सारखं चालतं. रेनॉक्सवर असं होत नाही, एफ/८ म्हणजे खरोखरचं एफ/८. त्यामुळे मॅक्रो लेन्सवाल्यांनी सांगितलेलं "एफ/८ पुरे" हे रेनॉक्सवर जसंच्या तसं घेतलं तर कोळ्याचा एक डोळा शार्प आणि दुसरा धूसर असा फोटो येतो. रेनॉक्सवर एफ/१४ ते एफ/१६ वर जा. डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) कडा किंचित मऊ होतात, पण व्हॉट्सअ‍ॅपवर ते कोणालाच दिसणार नाही.

आता एफ/१६ ला, हाताच्या थरथरीत, चालत्या किड्यावर, एलईडी रिंग लाइटने काय होणार? आयएसओ ३२०० आणि तरी हललेला फोटो. शिवाय ढालकिड्याची पाठ चकचकीत असते, तिच्यावर त्या रिंगचं पांढरं कडं जसंच्या तसं उमटतं आणि ठिपके झाकले जातात. ढालकिडा ओळखायचा तो ठिपक्यांवरूनच, म्हणजे फोटो काढून उपयोग काय?

फ्लॅशच घ्या. कमी पॉवरवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता असतो, तोच तुमचा खरा शटर स्पीड. सुरुवातीचं सेटिंग: मॅन्युअल मोड, १/२००, एफ/१६, आयएसओ २००, फ्लॅश मॅन्युअल १/१६ वर, रॉ फॉरमॅट. एक फोटो काढा, हिस्टोग्राम पाहा, मग फक्त फ्लॅशची पॉवर वर-खाली करा. हाय स्पीड सिंक बंद ठेवा. त्यात फ्लॅश एका झोताऐवजी तुकड्यातुकड्यांनी उडतो आणि हालचाल गोठवायचा फायदा जातो.

भर उन्हात एक गडबड होते. आयएसओ १००, १/२००, एफ/१६ ला कडक उन्हातला नैसर्गिक उजेड पुऱ्या एक्स्पोजरपेक्षा फक्त एक स्टॉप कमी असतो. आयएसओ २०० केलं की बरोबरीत येतो. मग फ्लॅशची एक शार्प प्रतिमा आणि तिच्या बाजूला उन्हाची हललेली दुसरी, अशी दुहेरी कड दिसते. लोकांना वाटतं लेन्स खराब आहे. लेन्स ठीकच असते. उन्हात आयएसओ १०० वर या आणि झाडाच्या सावलीच्या बाजूने काढा, नाहीतर सोबतच्याला छत्री धरायला सांगा. ढगाळ हवेत हा प्रश्न येत नाही.

डिफ्यूझर विकतचा नको, घरीच होतो. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येते ती पांढरी पातळ फोमची शीट, साधारण ए-फोर आकाराची, कमानीसारखी वाकवून लेन्सच्या तोंडावर छज्जासारखी यायला हवी. फ्लॅशचं तोंड आणि ही शीट यांच्यात ६-७ सेंमी मोकळी जागा ठेवा आणि त्या मोकळ्या जागेत ट्रेसिंग पेपरचा आणखी एक थर द्या. शीटची पुढची कड किड्यापासून ५-८ सेंमीवर आली पाहिजे. लांब गेली की उजेड पुन्हा टोचरा होतो.

डिफ्यूझर जमला की नाही हे किड्यावर तपासू नका. सायकलच्या दुकानातून एक छर्रा आणा, पानावर ठेवा आणि त्याचा फोटो काढा. छर्ऱ्यात डिफ्यूझरचं पूर्ण प्रतिबिंब दिसतं. मध्ये भगभगीत पांढरा ठिपका आणि भोवती करडं असेल तर फ्लॅश शीटच्या फार जवळ आहे, अंतर वाढवा नाहीतर ट्रेसिंग पेपरचा दुसरा थर द्या. पूर्ण कमान एकसारखी पांढरी दिसली आणि तिची कड हळूहळू विरत गेली की झालं. कोळ्याच्या पुढच्या मोठ्या डोळ्यांत आणि ढालकिड्याच्या पाठीवर नेमकं हेच प्रतिबिंब येणार आहे.

मागे काहीच नसेल तर पार्श्वभूमी काळी येते, कारण फ्लॅशचा उजेड तिथवर पोचत नाही. किड्याच्या मागे ४-५ सेंमीवर संत्र्याचंच एक पान धरा, हिरवी येईल. तुमच्या कामाला हिरवीच बरी, बागेतला फोटो आहे हे कळतं.

---

नवती_काटोल

खूप आभार दोघांचे. छर्ऱ्याची युक्ती आजच करून पाहते. म्हणजे रेनॉक्स २५० आणि गोडॉक्स टीटी६०० फ्लॅश मागवू का? तो मॅन्युअल आहे, स्वस्तात बसतो.

---

सेमिनरी_हिल्स

थांबा ताई, ऑर्डर करू नका! तुमच्या बॉडीवर टीटी६०० उडणार नाही.

कॅननने २००डी मार्क टू, १५००डी आणि ३०००डी या बॉडींच्या हॉट शूमधली (फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेतली) मधली मोठी पिन काढून टाकली आहे. टीटी६०० सारखे मॅन्युअल फ्लॅश फक्त त्या मधल्या पिनवरच उडतात. हॉट शूकडे नीट पाहा, मध्ये गोल पितळी ठिपका दिसणार नाही, मागच्या बाजूला चार बारीक ठिपके तेवढे असतील. हे माहीत नसलं की माणूस फ्लॅश खराब आहे समजून परत करतो, दुसरा आणतो आणि तोही उडत नाही.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. एक, कॅननसाठी बनवलेला टीटीएल फ्लॅश (कॅमेऱ्याच्या मोजमापावरून उजेड आपोआप ठरवणारा) घ्या. तो त्या बारीक पिनांवरून कॅमेऱ्याशी बोलतो, म्हणून मधल्या पिनेवाचून चालतो. कॅननचा स्वतःचा ईएल-१०० किंवा ४३० ईएक्स थ्री बिनधास्त. गोडॉक्सचा कॅननवाला टीटी६८५ टू किंवा छोटा टीटी३५० घेत असाल तर फर्मवेअर नवं असायला हवं. दुकानात स्वतःची बॉडी घेऊन जा, लावा, पाच-सहा वेळा उडवून पाहा, मगच पैसे द्या. टीटीएल फ्लॅशही मॅन्युअल मोडवर टाकून वापरता येतो, वर सांगितलेलं सेटिंग तसंच लागू होतं. २००डी हलकी आहे, टीटी६८५ डिफ्यूझरसकट वर बसला की कॅमेरा पुढे कलतो. तासभर वाकून काम करायचं तर टीटी३५० चं वजन हाताला मानवतं, त्यात दोनच सेल लागतात. सेल मात्र एनआयएमएच रिचार्जेबल घ्या, साधे अल्कलाइन लवकर दम तोडतात.

दुसरा रस्ता, टीटी६०० कुणाकडे आधीच असेल तर. तो ब्रॅकेटवर लावून एस२ मोडवर ठेवा आणि कॅमेऱ्याचा पॉप-अप फ्लॅश उघडा. पॉप-अपच्या झोताने तो उडतो, एस२ प्री-फ्लॅश (मुख्य झोताआधीचा मोजमापाचा झोत) सोडून देतो. पण हे ऑप्टिकल आहे. उघड्या बागेत, उन्हात त्याचा सेन्सर दगा देतो. नवीन घ्यायचाच असेल तर या वाटेने जाऊ नका.

---

धंतोली_७८

एक वेगळं मत मांडतो. रेनॉक्स चांगलीच आहे, वाद नाही, पण तिच्यासोबत तुम्ही एका ठराविक अंतराला बांधले जाता. १२ सेंमीवर आलात तरच फोकस, मागे सरलात की काहीच दिसत नाही. बागेत अळी दिसली, तिने खाल्लेलं पान दाखवायचंय, मग पूर्ण डहाळी दाखवायचीय, तर दर वेळी क्लिप काढा-लावा. १०० एमएम मॅक्रो अनंतापासून एकास एकपर्यंत सलग जाते. शेतकऱ्याला नुकसान समजावायचं तर पान, डहाळी, कीड हे तिन्ही फोटो लागतात.

कॅनन १०० एमएम एफ/२.८ ची जुनी, एल (कॅननची महागडी मालिका) नसलेली आवृत्ती सेकंडहँड पाहून राहिलो तर बरेचदा दिसते. टॅमरॉन ९० एमएमचं जुनं मॉडेलही तितकंच शार्प आहे. मॅक्रोत ऑटोफोकस लागतच नाही, त्यामुळे ते हळू आहे म्हणून भाव पाडून मिळालं तर घ्याच. पण या लेन्समध्ये फ्लॅशचे पैसे संपत असतील तर आठपाय म्हणाले तेच करा, फ्लॅश आधी.

सेकंडहँड लेन्स घेताना हे पाहा. दोन्ही झाकणं काढा, मोबाइलचा टॉर्च मागून तिरका टाका आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत करा. थोडी धूळ असली तर फरक पडत नाही. मग कॅमेऱ्यावर एफ/१६ ठेवून डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यू दाबा आणि अ‍ॅपर्चरची पाती पाहा, त्यांवर तेलाची चमक नको. मे महिन्यात बंद गाडीत पडून राहिलेल्या लेन्समध्ये ग्रीस वितळून पात्यांवर येतं, मग पाती चिकटतात आणि एकेक फोटो अचानक पांढरा येतो. शेवटी एकास एकवर नेऊन दहा-बारा फोटो सलग काढा. एक्स्पोजर सारखंच राहिलं पाहिजे.

पुढे कधी रेनॉक्स त्याच मॅक्रोवर लावली की दोनपटीच्या आसपास जाता. तोवर ५५-२५० वर चालवा.

---

भिंगवाला

धंतोलीकरांचा मुद्दा रास्त आहे. पण ताईंकडे १८-५५ आहे, पान आणि डहाळीचं काम ती करते. ३०,००० मध्ये जुनी मॅक्रो आणि चांगला फ्लॅश दोन्ही बसवायला खूप ताण पडेल. रेनॉक्स आणि फ्लॅश आरामात बसतात, वर ब्रॅकेट आणि सेलचे पैसे उरतात.

आता अंडी. लाइम बटरफ्लायचं अंडं साधारण १ मिमीचं, फिकट पिवळं, गोल. सायल्याचं ०.३ मिमी, बदामाच्या आकाराचं, कोवळ्या पानाच्या घडीत. २x वर सायल्याचं अंडं म्हणजे दीडशे-एक पिक्सेलचा ठिपका. यासाठी नवीन लेन्स विकत घेऊ नका, तुमच्याकडे आहेत त्याच दोन लेन्स जोडा. ५८ ते ४९ मिमीची दोन्हीकडून बाहेरचे आटे असलेली कपलिंग रिंग मिळते. ५५-२५० कॅमेऱ्यावर आणि ५० एमएम तिच्या तोंडावर उलटी. २५० भागिले ५०, म्हणजे ५x. फ्रेम ४.५ × ३ मिमी. फुलपाखराचं अंडं फ्रेमच्या उंचीचा तिसरा हिस्सा भरतं, सायल्याचं चारशे पिक्सेलचं होतं. कॅननची लेन्स कॅमेऱ्यावरून काढली की तिचं अ‍ॅपर्चर उघडं राहतं, इथे तेच हवंय. एफ नंबर मागच्या लेन्सवर ठरवा, एफ/११. किडा आणि काच यांच्यात ४ सेंमीच्या आत जागा उरते, त्यामुळे उजेड बाजूने द्या.

हे काम झाडावर होत नाही. कोवळी डहाळी तोडून आणा, देठाला ओला कापूस गुंडाळा, नाहीतर फ्लॅश आणि टेबललॅम्पच्या ऊबेने पान अर्ध्या तासात सुकून वळतं आणि स्टॅक (थोड्या थोड्या अंतराने फोकस केलेले, नंतर एकात जोडायचे फोटो) बिघडतो. पंखा बंद. ट्रायपॉड, फोकस रेल (स्क्रूने कॅमेरा किंचित पुढे-मागे सरकवणारी पट्टी), दोन सेकंदांचा टायमर. ५x ला एफ/११ वर डेप्थ ०.०२ मिमीच्याही आत आहे, त्यामुळे १ मिमीच्या अंड्याचा वरचा अर्धा घुमट शार्प हवा असेल तर २५ ते ३० फोटो लागतील. स्वस्त चौबाजू रेलमध्ये चाल ढिली असते. स्क्रू नेहमी एकाच दिशेने फिरवा, उलटा फिरवला की पहिला पाव आटा नुसताच जातो आणि दोन फोटोंमध्ये भेग पडते. जोडायला हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर. मोफत हवं तर कंबाइनझेडपी, जुनं आहे पण चालतं.

---

आठपाय

सायल्याचं एक सांगायचं राहिलं. तो खाताना डोकं खाली आणि मागची बाजू तिरकी वर उचलून बसतो. वरून काढलेल्या फोटोत हे दिसत नाही, नुसता तपकिरी ठिपका येतो. पानाच्या पातळीवर या, बाजूने काढा, सेन्सर त्याच्या अंगाला समांतर ठेवा. डेप्थ पातळ असल्याने समांतर ठेवलं तर डोक्यापासून पंखाच्या टोकापर्यंत एकाच फोटोत शार्प येतं. शेतकरी त्याला बसण्याच्या ढबीवरूनच ओळखतो.

लाइम बटरफ्लायच्या लहान अळीचे दोन फोटो ठेवा. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी. दोन्ही शेजारी टाकले नाहीत तर लोक त्या दोन वेगळ्या किडी समजतात.

---

नवती_काटोल

ठरलं. रेनॉक्स २५०, टीटी३५० (बॉडी लावून पाहीन), कपलिंग रिंग, एनआयएमएच सेल. शेवटचा प्रश्न: पाऊस सुरू आहे, बागेत सगळं ओलं. काय जपू?

---

सेमिनरी_हिल्स

एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर नेऊ नका. दमट हवेत थंड काचेवर लगेच बाष्प धरतं, रेनॉक्सच्या आतल्या बाजूलाही. बॅग बंद ठेवूनच बाहेर आणा आणि अर्धा तास तशीच राहू द्या. धुकं आलं तर पुसत बसू नका, आपोआप जाऊ द्या.

घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक स्वस्त हायग्रोमीटर. आर्द्रता ४० ते ५० टक्के. सिलिकाचा रंग उडाला की कढईत मंद आचेवर परतून घ्या. बागेतून आल्यावर त्याच रात्री लेन्स डब्यात, बॅगेत नाही. बॅगेचं कापड ओल धरून ठेवतं आणि बुरशी तिथूनच येते.

फवारणी झालेल्या बागेत जायचं असेल तर दोन-तीन दिवस थांबा. औषधाचे बारीक थेंब भिंगावर सुकले की कापडाने घासू नका, आधी ब्लोअर, मग लेन्स क्लीनरचा एक थेंब टिश्यूवर. थेट काचेवर टाकला तर कडेने आत उतरतो. रेनॉक्सच्या क्लिपच्या दोन्ही दांड्यांची स्प्रिंग मातीने अडकते. आठवड्याला एकदा जुन्या टूथब्रशने झाडा, नाहीतर एखाद्या दिवशी भिंग सुटून सरळ चिखलात पडेल. एक बारीक दोरी क्लिपला बांधून लेन्सच्या कड्याला अडकवून ठेवली तर उत्तमच.

---

धंतोली_७८

दोरी नायलॉनची घ्या, सुती ओल धरून ठेवते आणि कुजते.